अकरा बत्तीसचं ‘आहे’

कोठार मला दिसत नव्हतं, तरी मी ‘आहे’ असं लिहून मोकळी झाले. मंगळवार, सकाळचे अकरा बत्तीस. फोन ओट्यावर ठेवला, उकडलेल्या अंड्याचं पाणी बेसिनमध्ये ओतलं, वाफेने खिडकीची काच धूसर झाली म्हणून ती स्वेटरच्या बाहीने पुसली, आणि पाहते तो समोरच्या लाँड्रीचा लाल दिवाही नाही. लाँड्री नाही, तिच्यापुढचा टेलिफोनचा खांब नाही, माझ्या स्वतःच्या अंगणाचं कुंपण नाही. दोन मिनिटांपूर्वी तो दिवा मी पाहिला होता, शपथेवर सांगते. त्याच्याच भरवशावर तर लिहिलं होतं. हातात गरम अंडं घेऊन मी किती वेळ उभी राहिले कोण जाणे. तळवा भाजतोय हे कळत होतं, पण अंडं खाली ठेवायचं सुचत नव्हतं. तिकडे वीस किलोमीटरवर, हेपवर्थला, गार्नेटने माझं ‘आहे’ वाचलं असणार, बायकोच्या, आयव्हीच्या, सुजलेल्या पायांवर घोंगडी टाकली असणार आणि गाडी फाटकाबाहेर काढली असणार.

आम्ही सात जण आहोत. हेपवर्थपासून ओवेन साउंडच्या बंदरापर्यंत सहा नंबरच्या रस्त्याला धरून राहतो आणि नोव्हेंबर ते मार्च खिडकीत बसतो. लोक आम्हांला खिडकीवाले म्हणतात, त्यातले निम्मे कुचेष्टेने. प्रत्येकाची एक खूण ठरलेली. गार्नेटची म्हणजे त्याच्या गावच्या चर्चचा मनोरा, शॅलो लेकच्या ॲल्विनची म्हणजे शेजाऱ्याचा चारा साठवायचा उंच निळा सायलो, माझी म्हणजे बंदरावरचं धान्याचं कोठार. खूण दिसली तर ‘आहे’ लिहायचं, नाही दिसली तर ‘नाही’. तिसरा शब्द वापरायचा नाही. ह्युरॉन सरोवर गोठत नाही तोवर त्याच्यावरून बर्फाचे पट्टे येत राहतात, एखाद्या गावावर ठाण मांडून बसतात, आणि तिथून दोन मैलांवर लोक उन्हात कपडे वाळत घालत असतात. पट्ट्याची कड सुरीने कापल्यासारखी असते. उन्हातून गाडी चालवत यावं आणि पुढचं चाक त्या भिंतीत शिरावं, की मग बॉनेटही दिसत नाही. हवामानखात्याचा इशारा येतो तो सगळ्या जिल्ह्याला मिळून. रडार बिचारं वरून बघतं. हे पट्टे इतके बुटके की पुष्कळदा त्याची नजर त्यांच्या डोक्यावरून निघून जाते. मग कुठल्या मैलावर भिंत आहे हे सांगायला खिडकीत बसलेली म्हातारी माणसंच उरतात. हसणारे लोकही दवाखान्यात जायचं असलं की ॲल्विनला फोन लावतातच.

ही पद्धत माझ्या नवऱ्याची, क्लेटनची. तो जिल्ह्याचा बर्फ काढायचा ट्रक चालवायचा, एकतीस हिवाळे. तेव्हा मोबाइल कुठले, सकाळी निघण्यापूर्वी तो एकेका घरी फोन करायचा आणि विचारायचा, “दिसतंय का?” समोरचा माणूस लागायचा पाल्हाळ सांगायला, की वारा असा आहे, ढग तसे आहेत, रात्री गुडघा दुखत होता. क्लेटन म्हणायचा, “बाबा रे, मनोरा दिसतो की नाही तेवढं सांग.” त्यातून हे दोन शब्द उरले. आणि त्याचा एक नियम होता, तो मला लग्नाच्या पहिल्याच हिवाळ्यात बोलणी खाऊन कळला. मी सांगितलं होतं, “दिसतंय बहुतेक.” तो चिडला नाही, पण टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, “नोरीन, बहुतेकवर मी ट्रक घालत नाही. डोळ्यांना दिसतं ते सांग, डोक्याला वाटतं ते सांगू नकोस.” हा माणूस पुढे मेला तोही भर जुलैत, बनियनवर, टोमॅटोला पाणी घालताना. इतके हिवाळे मी त्याची वाट बघत खिडकीत काढले आणि तो गेला उन्हाळ्यात. मला आजतागायत त्याचा राग येतो.

पण दुसरी गोष्टही त्यानेच शिकवली होती, आणि माझा घात तिने केला. आमच्या मागच्या दाराशी तापमापक आहे. तो स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून असल्यामुळे दीड अंश जास्त दाखवतो. क्लेटनने तो कधी हलवला नाही. रोज सकाळी वाचायचा, दीड वजा करायचा आणि वहीत लिहायचा. मी म्हणायची, “अरे, मग दुसरीकडे का नाही लावत?” तर म्हणायचा, “कशाला? किती चुकतोय ते मला ठाऊक आहे. चूक ठाऊक असली की नुसती वजाबाकी करायची.” हवामानाचं वेड असलेल्या माणसांना ही वजाबाकी फार आवडते. ॲल्विनच्या अंगणातली बर्फ मोजायची पांढरी फळी झाडाच्या आडोशाला आहे, तो एक सेंटिमीटर वाढवून सांगतो. गार्नेटचं वाऱ्याचं यंत्र गंजलंय, तो पाच जोडतो. आमच्यात सरळ यंत्र कुणाकडेच नाही, आणि त्याची कुणाला लाजही वाटत नाही.

गेल्या मार्चमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यात जास्त. “दिवसा उजेडात पांढरं पांढरं दिसत असेल ना?” त्यांनी विचारलं. मला हसू आलं. आमच्याकडे पाच महिने पांढरंच दिसतं, बाई. उन्हाळ्यात फारसं जाणवलं नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात ऑपरेशनची तारीख मिळाली, आणि मी ती फोन करून रद्द केली, कारण ऑपरेशननंतर दोन आठवडे वाकायचं नाही, फावडं धरायचं नाही, थंड वाऱ्यात जायचं नाही, आणि नोव्हेंबरचा पहिला पट्टा तर दारात उभा. कुठल्या शहाण्या बाईने असं केलं असतं? दृष्टी सुधारायची तारीख मी खिडकीत बसता यावं म्हणून सोडली. कुणाला बोलले नाही. मोतीबिंदू ही काही लपवायची गोष्ट नाही, माझ्या वयाच्या निम्म्या बायकांना आहे. पण खिडकीवालीला असला तर तिला खिडकीत कोण ठेवील? आणि खिडकी गेली तर सकाळी उठून मी काय करायचं, हा प्रश्न मी स्वतःला विचारलासुद्धा नाही, इतकी मला त्याची भीती होती.

नोव्हेंबर सगळा मी ‘नाही’ लिहीत होते. कोठार म्हणजे केवढं धूड, दहा मजली, राखाडी. पण माझ्या खिडकीतून बाराशे पावलांवर आहे, आणि आकाश पांढरं असलं की ते माझ्यापुरतं विरघळून जायचं. ॲल्विन चेष्टा करायला लागला. “नोरीनच्या बंदरावर वेगळा ऋतू आहे बरं का,” असं ग्रुपवर लिहायचा. मला ते लागलं. डिसेंबरमध्ये मी आमच्या पद्धतीने त्यावर तोड काढली. लाँड्रीचा लाल दिवा सव्वाशे पावलांवर आहे आणि तो मला नीट दिसतो. मी ठरवलं, दिवा दिसत असेल आणि कोठार दिसत नसेल, तर तो दोष डोळ्याचा. वजा करायचा आणि ‘आहे’ लिहायचं. तीन आठवडे मी ते पडताळून पाहिलं. बंदरावरच्या कॅमेऱ्याचं चित्र फोन नाकाशी धरून बघायची आणि माझ्या हिशेबाशी ताडायची. एकवीस दिवसांत एकदाही चुकलं नाही. मला काय आनंद झाला होता. वाटलं, क्लेटनला सांगायला हवं होतं. कॅमेऱ्यावर नाताळात बर्फ साचला तो कुणी पुसला नाही, तोवर मी बघायचंही सोडून दिलं होतं.

आणि पट्ट्याची कड सुरीने कापल्यासारखी असते हे मला कुणी शिकवायला हवं होतं का? सव्वाशे पावलांवर दिवा असू शकतो आणि दोनशे पावलांवर जग संपलेलं असू शकतं. हे मी दर हिवाळ्यात शाळेत जाऊन पोरांना सांगत आलेय. नेमकं तेच मी विसरले. विसरले असंही नाही, मला ते आठवायचं नव्हतं, कारण गार्नेटने विचारलं होतं.

त्याने अकरा एकोणतीसला विचारलं होतं. “आयव्हीला एक वाजता लावायचंय. इकडे ऊन आहे. शहराकडे काय?” मंगळवार, गुरुवार, शनिवार आयव्हीचं डायलिसिस असतं. शनिवारी रस्ता बंद होता, पोलिसांनी अडथळे लावले होते, त्यामुळे तो दिवस बुडाला. म्हणजे गुरुवारनंतर एकदम मंगळवार. सोमवारी तिने मला फोन केला होता तेव्हा आवाज जड येत होता. “पाय कसे आहेत?” मी विचारलं. “दुसऱ्या कुणाचे तरी आहेत,” ती म्हणाली, “गार्नेटचे बूट घालून फिरतेय. तू कधीतरी ‘आहे’ म्हण गं बाई, कंटाळा आला तुझ्या ‘नाही’चा.” थट्टाच होती. पण मंगळवारी अंगठा फोनवर होता तेव्हा ती थट्टा माझ्या डोक्यात होती. ॲल्विनने ‘आहे’ लिहिलं. मधल्या चौघांनी लिहिलं. राहिले मी. दिवा दिसत होता.

अकरा छत्तीसला मी ‘नाही’ लिहिलं. गार्नेटला फोन लावला, वाजत राहिला. तो गाडी चालवताना फोनला हात लावत नाही, आणि आयव्हीचा फोन नेहमी घरी राहतो. मग ॲल्विनला लावला.

“निघाला की तो,” ॲल्विन म्हणाला. “तुझं ‘आहे’ आलं आणि एका मिनिटात निघाला. आत्ताच माझ्या दारावरून गेला, भोंगा वाजवून.”

“त्याला अडव.”

“कसा अडवू? मी पायजम्यात आहे, नोरीन. काय झालं?”

“इथे काही दिसत नाही.”

“चार मिनिटांत?” तो म्हणाला. “बापरे. भिंतच आली म्हणायची.”

“पोलिसांना कळव. शहरात शिरण्याआधी स्प्रिंगमाउंटच्या चौकातच अडवा म्हणावं.”

“कळवतो. पण तो चौकाच्या अलीकडेच असेल ना अजून, ऊन असेल तिथवर. गार्नेट काही कालचा पोर नाही.”

“ॲल्विन,” मी म्हणाले, आणि पुढचं वाक्य तोंडात तयार होतं, पण तो म्हणाला, “ठेव, पोलिसांना लावतो,” आणि फोन ठेवला. मला बरं वाटलं. खरं ते सांगते, त्या क्षणी मला बरं वाटलं.

त्यानंतर साडेतीन तास मी स्वयंपाकघरात होते. अंडं सोललं, खाल्लं नाही. वारा चिमणीत घुमत होता. खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नव्हतं तरी बघत होते, आणि त्यात मला समजेना की ह्यातलं माझ्या डोळ्यातलं पांढरं किती आणि बाहेरचं किती. दहा महिने मी त्या दोघांची फारकत करत होते आणि आता ते एकच झालं होतं. एकदा, लग्नानंतर चौथ्या की पाचव्या वर्षी, क्लेटनने मला ट्रकमध्ये बसवून नेलं होतं, नियम मोडून, मला हट्ट होता म्हणून. त्याच चौकाच्या पुढच्या उतारावर आम्ही भिंतीत शिरलो. पहिल्यांदा आवाज जातो. मग आपण चाललोय की थांबलोय ते कळेनासं होतं. पोटात डावीकडे कलल्यासारखं होतं आणि गाडी तर सरळ उभी असते. क्लेटनने ट्रक थांबवला आणि पुढे बघायचं सोडून आरशात बघत बसला. मी म्हणाले, “पुढे बघ ना.” तो म्हणाला, “पुढचं आपल्याला मारत नाही. मागून जो येतो ना, त्याला आपण दिसत नाही, तो मारतो.” इतक्या मोठ्या ट्रकमध्ये बसून, पिवळे दिवे फिरत असताना, तो घाबरलेला होता. गार्नेटची गाडी चांदीच्या रंगाची आहे. आम्ही सगळ्यांनी त्याला सांगितलं होतं, लाल घे, निळी घे, इकडे चांदीचा रंग कोण घेतं. आयव्हीला आवडला म्हणून घेतला.

आयव्ही माझी मैत्रीण आहे का? हा प्रश्न मला त्या दुपारी पडला, आणि मला कळलं की आहे, आणि दुसरी कुणी नाही. क्लेटन गेल्यावर सगळे डबे घेऊन आले, मायेने बोलले आणि गेले. आयव्ही दुसऱ्या दिवशी आली, रिकाम्या हाताने, आणि म्हणाली, “टोमॅटोला पाणी कोण घालणार?” पुढचे दोन महिने दर दोन दिवसांनी वीस किलोमीटर गाडी चालवत येऊन ती टोमॅटोला पाणी घालायची, कारण मी त्या वाफ्याकडे बघू शकत नव्हते. तिने त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. आणि मी तिच्यासाठी काय केलं, तर माझ्या एकवीस दिवसांच्या हुशारीवर तिला भिंतीत घातलं. घड्याळात एक वाजला. दीड वाजला. ॲल्विनचा निरोप आला की चौकात पोलिस पोचले, पण त्याआधी किती गाड्या पुढे गेल्या ते त्यांना माहीत नाही. मी देवाशी बोलणाऱ्यांतली नाही. त्या दिवशी बोलले, आणि बोलताना लाजही वाटली, की तो म्हणेल, आता हिला माझी आठवण झाली.

तीन वाजून पाच मिनिटांनी फोन आला. गार्नेट. मागे दवाखान्याचे आवाज येत होते.

“काय गं, जिवंत आहेस का?” तो म्हणाला. तो नेहमी असंच म्हणतो.

“आयव्ही?” मी विचारलं.

“लावलंय तिला,” तो म्हणाला. “दोन वाजता लावलं. बरी आहे. भांडतेय नर्सशी, उशी कडक आहे म्हणून. अगं, रडतेस काय?”

“कसे आलात?”

“कसे म्हणजे काय, आलो.” मग त्याने सांगितलं. चौकाच्या पुढे उताराला लागेपर्यंत ऊन होतं. मग काही नव्हतं. तो अगदी हळू, स्वतःच्या बाजूची, डावीकडची काच खाली करून, डोकं बाहेर काढून रस्त्याच्या मधली पिवळी रेघ शोधत चालला होता. आयव्ही उजवीकडची काच खाली करून शेतांच्या वाटांच्या तोंडाशी असतात त्या टपालपेट्या शोधत होती, की एखाद्या वाटेत शिरता येईल. “पेटी, पेटी,” ती ओरडली, म्हणून त्याने डोकं आत घेऊन तिच्याकडे पाहिलं. तेवढ्यात डाव्या बाजूने दुधाचा टँकर गेला आणि बाहेरचा आरसा घेऊन गेला. “डोकं होतं तिथूनच,” गार्नेट म्हणाला. “आरशाची तार लोंबतेय नुसती. मग त्या वाटेत शिरलो, इंजिन बंद केलं, घोंगडीत बसलो दोघं. तासाभराने बर्फ काढायचा ट्रक घेऊन एक पोरगा आला, त्याच्या मागोमाग आलो.”

मी म्हणाले, “गार्नेट, माझं ‘आहे’...”

“तेच तर म्हणतो मी आयव्हीला,” तो म्हणाला. “दुसऱ्या कुणाचं असतं ना, तर मी दहा मिनिटं थांबून परत विचारलं असतं. पण तुझं होतं. राग मानू नकोस, तुझ्या ‘नाही’तले निम्मे आम्ही सोडून देतो. तू भित्री झालीयस हल्ली, सगळ्यांना माहीत आहे. पण नोरीनने ‘आहे’ म्हटलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, दुसऱ्या कुणाला विचारायचं कारणच नाही. आणि खरंच होतं ना, अकरा बत्तीसला? नंतर चार मिनिटांत भिंत आली, त्याला तू काय करणार?”

तेही वजाबाकी करत होते. मी मनातल्या मनात माझी चूक वजा करत होते आणि ते तिकडे मला न दुखावता मला वजा करत होते, आणि दोघांच्या हिशेबांत एकच आकडा खरा धरलेला होता, माझं ‘आहे’. फोन कानाला लावून मी ओट्याशी उभी होते. त्याने वाट आयती करून दिली होती, मला फक्त तिच्यावर पाऊल टाकायचं होतं.

“हो,” मी म्हणाले. “एकदम आली.”

“असू दे. आयव्ही म्हणतेय, आरशाचं नोरीनला सांगू नकोस, ती मनाला लावून घेईल. सांगितलं मी ते सांगू नकोस तिला.” आणि तो हसला.

चारच्या सुमाराला बर्फ थांबला. पश्चिमेच्या टेकडीवर पिवळं ऊन पडलं, ते मला दिसलं, रंग अजून दिसतात. कोठाराच्या जागी पाहिलं. तिथे होतं ते मला माहीत होतं. दिसलं नाही. एक डाग होता, किंवा डाग असावा असं माझ्या डोक्याला वाटत होतं, आणि ह्या दोहोंतला फरक मी दहा महिने खरोखर तपासलाच नव्हता. बूट चढवले, क्लेटनचा कोट घातला, काठी घेतली. पदपथ मोकळे झालेले नव्हते, म्हणून रस्त्याच्या मधून, चाकांच्या चाकोरीतून, टेकडी उतरत बंदराकडे निघाले. मधे लाँड्रीवाल्याने दारातला बर्फ ओढताना विचारलं, “कुठे निघालात अशा?” मी म्हणाले, “बघायला.” तो “बरं” म्हणाला. आमच्याकडे ह्याचं कुणाला नवल वाटत नाही.

कोठाराच्या भिंतीला हात लावला. हातमोजा काढून लावला, खरखरीत थंडगार सिमेंट. मग पाठ फिरवली आणि आल्या वाटेने मोजत निघाले. दर दहा पावलांना वळून बघायची. शंभरला भिंत, कडा, वरची लोखंडी शिडी. दीडशेला शिडी गेली. दोनशेला डावी कड अजून होती. दोनशे दहाला होती. दोनशे वीसला मी खूप वेळ बघत राहिले, डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसून बघितलं, आणि ती नव्हती. हवा लख्ख होती, पलीकडच्या धक्क्यावर एक बाई कुत्र्याशी बोलत होती ते ऐकू येत होतं, आणि बाराशे पावलांची खिडकी मी दोनशे दहा पावलांच्या डोळ्यांनी सांभाळत होते. तिथेच उभं राहून मी ग्रुपवर लिहिलं. बोटं गारठली होती, अक्षरं मोठी करून लिहावं लागलं, वेळ लागला.

“आजचं अकरा बत्तीसचं माझं ‘आहे’ खोटं होतं. मला कोठार दिसत नव्हतं. लाँड्रीच्या दिव्यावरून अंदाजाने लिहिलं. मार्चपासून मोतीबिंदू आहे. गार्नेट, फोनवर तुझ्याशी मी पुन्हा खोटं बोलले. आत्ता स्वच्छ हवेत मला कोठार दोनशे दहा पावलांवरून दिसतं, त्यापुढे नाही. नोरीन.”

सहा जणांनी वाचल्याच्या खुणा एकेक करून उमटल्या. ॲल्विन लिहायला लागला असं दिसलं, मग थांबला, मग पुन्हा लागला, मग थांबला. मी घरी आले, शेगडीवर सूप ठेवलं. बऱ्याच वेळाने गार्नेटचा एक शब्द आला, “वाचलं.” त्यात काय आहे ते मी पुष्कळ वेळ शोधत होते. काही सापडलं नाही. त्याचं डोकं त्या काचेबाहेर होतं. त्याने आणखी काय लिहायला हवं होतं?

बुधवारी मी डोळ्यांच्या दवाखान्यात फोन करून पुन्हा तारीख मागितली. एप्रिलची मिळाली. बुधवारी सकाळी ग्रुपवर माझ्या नावापुढे काही नव्हतं. मी लिहिलं नाही आणि कुणी विचारलं नाही.

गुरुवारी सकाळी पुन्हा पश्चिमेचा वारा. अकरा वाजता गार्नेटने विचारलं, “एक वाजता लावायचंय. इकडे मनोरा आहे.” ॲल्विनने लिहिलं, “आहे.” मधल्या चौघांनी लिहिलं. मग फोन गप्प झाला. पाच मिनिटं, सात मिनिटं. मला वाटलं, निघाले असतील. मग आयव्हीची अक्षरं आली, म्हणजे गार्नेटच्या फोनवरून तिने लिहिलेली, ती स्वल्पविराम देत नाही म्हणून ओळखू येतात. “नोरीन आम्ही दारात गाडीत बसून आहोत मी गार्नेटचे बूट घातलेत बंदरावर काय आहे ते कोण सांगणार”

मी कोट घातला. टेकडीवर वारा तोंडावर येत होता आणि बर्फ बारीक, कोरडा, आडवा. कोठाराच्या भिंतीशी पोचले, हात लावला, वळले, मोजायला लागले. ह्यावेळी दर पाच पावलांना वळत होते. वीसला होतं. तीसला होतं. पस्तीसला कड पुसट झाली, चाळीसला माझ्यापुढे आणि मागे सारखंच होतं, आणि मी पाय घट्ट रोवून, पोटातलं ते डावीकडे कलणं तसंच सहन करत, फोन कोटाच्या आत धरून लिहिलं, “स्वच्छ हवेत माझं दोनशे दहा. आत्ता पस्तीस.”

उत्तर लगेच आलं. “मग थांबतो,” गार्नेटने लिहिलं. “पुन्हा मोजशील तेव्हा सांग.”

मी भिंतीच्या आडोशाला आले, कोठाराला पाठ लावली, आणि पुन्हा मोजायची वेळ होईपर्यंत तिथेच उभी राहिले.